पेटीतली खोट

चांगुणा लग्न होऊन नगरला नांदायला आली, तेव्हा पहिल्या आठवड्यातच तिला कळून चुकलं की सासूशी आपलं चांगलं जमणार आणि नवऱ्याशी जमायला मात्र वेळ लागणार.

सासू म्हणजे मालनबाई. आडव्या अंगाची, खर्जातल्या आवाजाची बाई. सगळा जन्म पाथर्डीकडच्या माळावर गेलेला. तिथं या वस्तीवरून त्या वस्तीवर बोलायचं तर आवाज टाकूनच बोलावं लागे, आणि सावेडीत एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आल्यावरही त्यांनी तो आवाज काही लहान केला नव्हता. "पोरी, मीठ आन गं" असं त्या चुलीपाशी बसून म्हणाल्या, की पुढच्या बंगल्यातली भांडी घासणारी बाई दचकून वर बघायची. चांगुणेला त्या आवाजातला शब्द न् शब्द कळायचा. सासू-सुनेच्या गप्पा अशा रंगायच्या की मालनबाई सगळ्यांना सांगत सुटल्या, "असं मन लावून ऐकणारी सून मिळाया नशीब लागतं."

नवरा मच्छिंद्र आईच्या अगदी उलट. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो बिघडलेली उपकरणं दुरुस्त करायचा. माणूस गुणाचा, पण आवाज बारीक, आणि बोलायचा तेही मान खाली घालून, जणू हातातल्या तारांशीच बोलतोय. संध्याकाळी सायकलवरून यायचा, फाटकाशी दोनदा घंटी वाजवायचा, आणि चांगुणा त्याच्याकडे पाठ करून भाकरी थापत राहायची. तो आत येऊन चपला काढायचा, तेव्हा कुठं ती वळून बघायची. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरलेलं दिसायचं. का ते तिला कळायचं नाही.

चांगुणेला कमी ऐकू यायचं. ठार बहिरी नव्हती ती. राहुरीकडं, पाटाच्या काठावर तिचं माहेर. नऊ वर्षांची असताना मोठा ताप आला, त्यातून ती उठली, पण कानातलं काहीतरी तिथंच राहून गेलं. बैलाचं हंबरणं, इंजिनाची धडधड, बापाची हाक हे सगळं नीट यायचं. गेलं होतं ते बारीक. पाखरं बोलताना दिसायची, ऐकू यायची नाहीत. हातातल्या बांगड्या मुक्याच होत्या. माणसांच्या बोलण्यातली अर्धी अक्षरं गळून पडायची आणि उरलेल्या अर्ध्यांवरून, ओठांवरून, डोळ्यांवरून ती बाकीचं जुळवायची. या जुळवाजुळवीत ती इतकी तरबेज झाली होती की चार माणसांत कुणाला शंका येत नसे. कधीतरी फसायचं. एकदा मच्छिंद्रनं सुरी मागितली आणि ही कणीक भिजवायला बसली. ताटात पुऱ्या आल्या तेव्हा तो बघतच राहिला. पुऱ्या मात्र त्यानं आवडीनं खाल्ल्या.

लग्नाआधी आईनं, भागिरथीनं, तिला बजावून ठेवलं होतं. "लगीन व्हईस्तवर कुनापाशी बोलू नको. आन् झाल्यावर तर आजाबात नको." चांगुणेनं ते पाळलं होतं. पाळताना दिवसाकाठी जीव इतका शिणायचा की रात्री पाठ टेकली की तिला झोप लागायची, आणि मच्छिंद्र अंधारात जे काही हळू बोलत असेल ते तसंच अंधारात विरून जायचं.

एकाहत्तर सालचा माघ महिना होता. एका संध्याकाळी मच्छिंद्र घरी आला तो पिशवीत एक पत्र्याची पेटी घेऊन, आणि त्या दिवशी जेवताना पहिल्यांदाच त्यानं मान वर करून, हात हलवून, भरभरून बोलायला सुरुवात केली. चांगुणेनं भाकरी तव्यावर टाकून त्याच्या तोंडाकडं बघितलं. दिवा मधोमध होता, ओठ स्वच्छ दिसत होते.

गोष्ट अशी होती. माळीवाड्याकडं डॉक्टर राधाकृष्ण क्षीरसागर म्हणून कानाचे डॉक्टर होते. ते कॉलेजात आले होते. बटण फिरवावं तसा जाड किंवा बारीक सूर काढणारी एक पेटी प्रयोगशाळेत जुनी म्हणून पडून होती, सिग्नल जनरेटर म्हणत तिला. कॉलेजनं ती डॉक्टरांना वापरायला दिली. ती पेटी कानाला लावून कोणाला कोणता सूर ऐकू येतो ते तपासायचं, असा डॉक्टरांचा बेत होता. अडचण एकच. पेटीचं बटण दाबायला डॉक्टरांचा हात पुढं गेला की समोरचा माणूस हाताकडं बघूनच "आला, आला" म्हणायचा.

"म्हणून आता मी काय करणार," मच्छिंद्र म्हणाला, "सूर पेटीत कायम चालू ठेवायचा. पण त्याच्या वाटेत एक फाटक घालायचं. डॉक्टर पडद्याआड बसणार, त्यांच्या हातात लांब वायरीचं एक बटण. ते दाबलं की बाहेरून इशारा येणार, फाटक उघडणार, सूर कानात जाणार. सोडलं की फाटक बंद. आत सूर हायच, पण कानात न्हाई."

"पाटाच्या दारावानी," चांगुणा म्हणाली.

"काय?"

"पाटाला पानी वाहतच असतंय. पाटकऱ्यानं दार उचललं तरच आपल्या वावरात येतं."

मच्छिंद्रनं घास हातातच धरून तिच्याकडं बघितलं. लग्न झाल्यापासून बायको एवढं सलग, एवढं नेमकं त्याच्याशी बोलली नव्हती. "तसंच," तो म्हणाला. "अगदी तसंच." आणि त्या खुशीत त्यानं एक भाकरी जास्त खाल्ली.

पुढचे काही दिवस घरात दुसरा विषय नव्हता. आधी त्यानं फाटकाच्या जागी एक छोटा विजेवरचा खटका बसवला, पण तो उघडताना खट्ट वाजायचा, पडद्याआडूनही ऐकू यायचा. तो काढून टाकला. मग त्यानं ट्रान्झिस्टर बसवला. ट्रान्झिस्टरला हलणारा भागच नाही, त्यामुळं वाजायचा प्रश्न नाही. बाहेरचा इशारा आला की तो सुराला वाट देतो, इशारा गेला की अडवतो. मच्छिंद्रनं हेडफोन कानाला लावून दहादा बटण दाबून बघितलं आणि तोंडभर हसला. चांगुणाही हसली. त्याला असं हसताना ती पहिल्यांदा बघत होती.

पेटी तयार झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी धडधाकट कानांवर करून बघू. दवाखान्यातला कंपाउंडर, शेजारचा शिंपी, त्याची बायको, ज्याला ज्याला बोलावलं त्या सगळ्यांनी बरोबर हात वर केले. मच्छिंद्रला वाटलं, आपल्या घरच्या माणसांनीही बघावं. रविवारी सकाळी तो आई आणि बायकोला घेऊन गेला.

जायचं टाळायला चांगुणेनं डोकं दुखतंय म्हणून बघितलं, पण मालनबाईंनी "चल गं, गंमत तर बघू" म्हणत तिचा दंडच धरला.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. मधोमध खुर्ची, पलीकडं पडदा. आधी मालनबाई बसल्या. लष्कराच्या भंगारातून आणलेले काळे हेडफोन डोक्यावर चढवले आणि लगेच ओरडल्या, "आगं बया! हितं आत टिटवी वरडतीय!"

"बोलायचं नाही, फक्त हात वर करायचा," पडद्यामागून डॉक्टर म्हणाले.

मालनबाईंनी दर वेळी हात वर केला, अगदी बारीकातल्या बारीक सुरालाही. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "साठीला आलात, पण कान तरण्या बाईचे आहेत तुमचे." मालनबाईंनी पदर सारखा केला आणि खोलीत दुसरं कुणी ऐकायला आहे का ते बघितलं.

मग चांगुणा बसली. डोळे मिटायला सांगितलं होतं. पहिला सूर आला आणि ती थक्क झाली. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखा तो सूर होता, गोल आणि भरलेला. एरवी तिच्या कानात जे यायचं ते तुकड्यांनी यायचं, जोडून घ्यावं लागायचं. हा आवाज अख्खा आला होता. काही जुळवायचं नव्हतं, कुणाच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं. तिनं हात वर केला आणि तो सूर थांबू नये असं तिला वाटलं.

डॉक्टर सूर चढवत गेले. तो बारीक होत गेला, लांब गेल्यासारखा झाला, आणि मग काहीच नाही. चांगुणा कान देऊन बसली. आता धरले जाणार आपण. तेवढ्यात कानात आलं, थप्प. ओल्या मातीवर बोट टेकवावं एवढंच. थोड्या वेळानं पुन्हा, त्याहून हलकं, थप्प. सूर नव्हताच, पण फाटक उघडलं हे तिला समजलं. तिचा हात आपसूक वर गेला. पुढच्या वेळी पुन्हा थप्प, पुन्हा हात. सगळ्या बारीक सुरांना तिनं असेच हात वर केले.

"वहिनींचे कान एकदम फर्स्ट क्लास," डॉक्टर म्हणाले. मच्छिंद्रच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं.

चांगुणा सुटली. पण निघताना डॉक्टर मच्छिंद्रशी दारात उभे राहून बोलत होते ते तिनं त्यांच्या ओठांवरून वाचलं. साखर कारखाने बंद झाले, ऊसतोडीच्या टोळ्या घरी परतल्या, की पाथर्डीला कान तपासायचं शिबिर घ्यायचं. पेटी घेऊन जायची. लहानथोर सगळ्यांना बसवायचं. ज्यांनी हात वर केला ते चांगले, त्यांना घरी पाठवायचं. ज्यांनी नाही केला त्यांनाच पुढं तपासायचं, लागलं तर पुण्याला न्यायचं.

दोन दिवस चांगुणेला ते बोलणं सोडेना. तिला शाळेतला मागचा बाक आठवला. मास्तर फळ्याकडं तोंड करून बोलायचे आणि मग वळून तिला उभं करायचे. "लक्ष नसतं कार्टीचं," म्हणायचे. तिनं कित्येक छड्या खाल्ल्या होत्या. आता पाथर्डीत अशी एखादी पोर त्या खुर्चीवर बसेल. तिला थप्प ऐकू येईल, ती हात वर करेल. डॉक्टर म्हणतील, कान चांगले आहेत. म्हणजे मग ती मुद्दामच करते, असं ठरणार. तिच्या घरच्यांना, मास्तरांना, सगळ्यांना ते डॉक्टरांनीच सांगितलेलं असणार.

पेटी कुठं चुकते ते चांगुणेशिवाय कुणालाच कळण्यासारखं नव्हतं. चांगल्या कानाच्या माणसाला सूर ऐकू येतो, थप्पकडं त्याचं ध्यान जात नाही. ज्याला सूर येत नाही तो सांगणार नाही. आणि सांगायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागणार. आईचं बजावणं तिला आठवत होतं. फसवून पोरगी गळ्यात बांधली म्हणतील, माहेरी नेऊन घालतील. सासू काय म्हणेल? आणि हा, आत्ता कुठं जेवताना मान वर करून बोलायला लागलेला माणूस, तो काय म्हणेल?

तिसऱ्या दिवशी दुपारी मालनबाई दळण घेऊन गिरणीवर गेल्या. मच्छिंद्रला सुट्टी होती. तो खिडकीशी पेटी उघडून बसला होता, शिबिरासाठी तिला लाकडी खोकं करत होता. चांगुणा त्याच्या पुढ्यात जाऊन बसली.

"अहो, ही पेटी पाथर्डीला न्यायची न्हाई."

त्यानं वर बघितलं. "का?"

"खोट हाय हिच्यात."

"कसली खोट? इतक्या माणसांनी हात वर केले. एक माणूस चुकला न्हाई."

"तीच खोट. मी चुकायला पायजे हुतं."

मच्छिंद्रला काही उमजेना. चांगुणेनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि एका दमात सांगून टाकलं. "बारीक सूर मला आलाच न्हाई. एकबी न्हाई. मला येतच न्हाई बारीक. लहानपनी ताप आला तवापासून. त्या पेटीत सूर सुरू व्हायच्या टायमाला थप्प वाजतंय, त्याच्यावर म्या हात वर केला. माज्यासारखं दुसरं कुनीबी करंल."

ती थांबली आणि जमिनीकडं बघत राहिली. आता काय ते व्हायचं ते होऊ दे. मान वर करून बघते तर मच्छिंद्रनं हेडफोन कानाला लावले होते आणि डोळे बारीक करून बटण दाबत होता, सोडत होता.

"थप्प कधी येतं?" त्यानं विचारलं. "सूर सुरू होताना का बंद होताना?"

"दोनीबी टायमाला. पयला मोठा, दुसरा बारका."

"मला तर येत न्हाई."

"तुमाला सूर येतोय न्हवं? त्याच्याखाली दबत आसंल."

मच्छिंद्रनं हेडफोन तिच्या कानांवर चढवले, बारीक सूर लावला, बटण दाबलं. तिनं बोट वर केलं. त्यानं दुसरा सूर लावला. बोट. त्यानं सूर पार बंद केला, नुसतं फाटक उघडलं. बोट. तो उडालाच. सूर नसतानाही फाटकाचा स्वतःचा धक्का कानात जात होता! त्यानं हेडफोन ओढून घेतले, सूर बंद ठेवून स्वतः ऐकलं, आणि आता त्यालाही तो थप्प ऐकू आला.

"आरारा," तो म्हणाला. "हे म्या बघितलंच न्हाई. दरवेळी सूर लावूनच ऐकत बसलो. चांगुणे, ह्यो इशारा एकदम येतो ना, तोच सुराच्या वाटेवर सांडतोय. आणि फाटकबी एका झटक्यात उघडतंय. दार एकदम उचललं म्हंजे कसं..."

"पान्याचा लोंढा येतो आन् वाफा फोडतो."

"तसंच झालंय!"

तो इतका रंगला होता की चांगुणेला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. तिनं जन्माचं गुपित सांगितलं होतं आणि हा माणूस ट्रान्झिस्टरची तार धरून बसला होता. मग त्याचा हात हळूहळू थांबला. त्यानं तार खाली ठेवली.

"म्हंजे... सायकलची घंटी?"

"न्हाई येत."

"रोज दोनदा वाजवतो मी. फाटकाशी."

"मला म्हाईत न्हाई."

"आन् रात्री मी बोलतो ते?"

"तुमी रात्री बोलता?"

मच्छिंद्रनं पेटी बाजूला सारली. खिडकीतून ऊन त्याच्या गुडघ्यावर आलं होतं. "मला वाटलं, मी तुला पसंत न्हाई," तो म्हणाला. "बळंच दिली आसंल, म्हनून बोलत न्हाई, बघत न्हाई. लग्न झाल्यापासून हेच वाटतंय." हे तो मान वर करून, तिच्याकडं बघून बोलला, आणि त्यातलं एकही अक्षर चांगुणेला जुळवावं लागलं नाही.

"रात्री काय बोलता?" तिनं विचारलं.

तो लाजला. "सांगंन," म्हणाला. "उजेडात सांगंन."

गिरणीवरून मालनबाईंचा आवाज घराच्या दिशेनं यायला लागला, तेव्हा दोघं पेटीवर वाकून बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून चार वाजता वर्ग सुटले की चांगुणा डबा घेऊन कॉलेजात जायची. प्रयोगशाळेत एक यंत्र होतं, त्याच्या हिरव्या पडद्यावर आवाज रेघेच्या रूपात दिसायचा. मच्छिंद्रनं तिला दाखवलं: सूर सुरू होतो त्या जागी रेघ एकदम ताठ उभी राहत होती, भिंतीसारखी. त्यानं इशाऱ्याच्या वाटेत एक कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून हळूहळू सोडणारा भाग, जोडला. आता बटण दाबलं की इशारा एकदम न चढता सावकाश चढायचा, फाटकही सावकाश उघडायचं, सावकाश मिटायचं. पडद्यावरची भिंत गेली आणि तिथं टेकडीसारखा उतार आला. चांगुणेनं कानाला लावून बघितलं.

"कमी झालं. पन हाय आजून."

त्यानं कंडेन्सर बदलला. ती म्हणाली, हाय. मग त्याच्या ध्यानात आलं की सुराबरोबर इशाऱ्याचाही थोडा भाग पुढं जातोच आहे. त्यानं पहिल्याच्या जोडीला दुसरा ट्रान्झिस्टर उलट बाजूनं बसवला, म्हणजे एकाचा धक्का दुसऱ्यानं खोडून काढावा. दोन्ही बरोबर तोलले जायला एक बारीक स्क्रू फिरवायचा होता. पडद्यावर आता काही दिसत नव्हतं, इतका तो धक्का लहान झाला होता. पण चांगुणेला तो ऐकू यायचा. ती बारीक सूर कानाला लावून, तिच्या लेखी निव्वळ शांततेत बसायची, आणि तो एकेक केसाएवढा स्क्रू फिरवायचा.

"हाय," ती म्हणायची. "हाय. जास्त झालं, मागं घ्या. हाय. कमी. आजून कमी."

मच्छिंद्रच्या कपाळावर घाम होता.

"गेलं," चांगुणा म्हणाली.

त्यानं पुन्हा बटण दाबलं. तिनं मान हलवली. पुन्हा दाबलं. काही नाही. त्यानं हेडफोन आपल्या कानाला लावला, तर सूर स्वच्छ वाजत होता. एवढ्या उपकरणांनी भरलेल्या खोलीत हे माप फक्त तिच्या कानांनी घेता येत होतं. तो तिच्याकडं असा बघत राहिला की ती म्हणाली, "डबा उघडते. भाकरी गार झाली."

डॉक्टरांकडं जायच्या आदल्या दिवशी मालनबाईंना सांगणं भाग होतं. मच्छिंद्रनंच सांगितलं. मालनबाई ऐकत गेल्या आणि त्यांचे डोळे मोठे होत गेले.

"मंग माजं बोलनं कसं ऐकू येतं हिला?"

"तुझा आवाज जाड हाय, आई. आन् मोठा हाय."

"म्हंजे मी वरडते म्हनून हिला कळतंय व्हय? मी म्हनते सून मन लावून ऐकतीय!" त्या फणकारून उठल्या आणि उगीचच भांडी हलवू लागल्या. थोड्या वेळानं मालनबाई वळल्या, कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पर येकदा बी 'काय म्हनला' म्हनून इचारलं न्हाई तू मला."

"तुमाला कधी इचारावं लागलंच न्हाई, आत्याबाई."

हे उत्तर मालनबाईंना आवडलं. त्या संध्याकाळी त्या पुढच्या बंगल्यापर्यंत जाऊन आल्या आणि आपला आवाज कसा गुणाचा आहे ते तिथल्या बाईला पटवून आल्या.

डॉक्टरांच्या खुर्चीवर चांगुणा या खेपेला हात मांडीवर ठेवून निवांत बसली. जाड सुरांना तिनं हात वर केला. सूर चढत गेले आणि एका जागी तिचा हात थांबला तो थांबलाच. पडद्यामागं डॉक्टर बटण दाबत राहिले. शेवटी बाहेर आले आणि खुर्ची ओढून तिच्या समोर बसले. मच्छिंद्रनं त्यांना आधीच सगळं सांगितलेलं होतं.

"वहिनी, त्या दिवशी चांगलंच फसवलंत मला."

"पेटीनं फसवलं," चांगुणा म्हणाली. "म्या फकस्त हात वर केला."

डॉक्टर मोठ्यानं हसले. मग त्यांनी सरळ सांगितलं की तापानं कानातली नस दुखावली आहे, त्याला औषध नाही. आहे त्यापेक्षा कमी व्हायचं मात्र काही कारण नाही. तोंडाकडं बघून ऐकते ते चालूच ठेवायचं, आणि बोलणाऱ्यांनी तिच्या समोर येऊन बोलायचं. चांगुणेला यात नवं काही नव्हतं. नवं होतं ते एवढंच, की हे कुणीतरी उघड, भर दिवसा, नवऱ्यासमोर बोललं आणि कुणाचा चेहरा पडला नाही.

मग मालनबाईंना पुन्हा बसवलं. बारीक सुरांपैकी बरेचसे त्यांना आलेच नाहीत; त्या दिवशी त्यांचाही हात थप्पवरच वर गेला होता. "वयानं होतं असं," डॉक्टर म्हणाले. मालनबाई हेडफोन काढून सुनेकडं बघत म्हणाल्या, "बघ, तुज्यापायी माजे कान म्हातारे झाले!" आणि घरी येईपर्यंत त्या हेच ऐकवत होत्या, पण चांगुणेचा हात काही त्यांनी सोडला नाही.

पाडवा झाला, कारखाने थंडावले, टोळ्या गावोगाव परतल्या. पाथर्डीला शाळेच्या दोन खोल्यांत शिबिर भरलं. मच्छिंद्र पेटीपाशी, डॉक्टर पडद्याआड, आणि खुर्चीसमोर चांगुणा. येणाऱ्याला ती हात कधी वर करायचा ते दाखवून द्यायची. मालनबाई आपल्या मुलखात आल्या होत्या, त्यामुळं बाहेर रांग लावायचं काम त्यांच्याकडं होतं, आणि त्यांचा आवाज थेट चावडीपर्यंत पोचत होता.

दुपारच्या सुमारास गोजरबाई नावाची एक बाई आली. ऊसतोडीनं हात काळे पडलेले, चेहरा ओढलेला. सोबतची नणंद म्हणाली, "हिला काय इचारू नगा, ती तऱ्हेवाईक हाय. मनात आलं तर ऐकती." गोजरबाई बसली. जाड सुरांना तिनं हात वर केला. बारीक सुरांना तिचा हात मांडीवरच राहिला. कानात काही येईना तशी ती घाबरली, डोळे उघडून इकडंतिकडं बघायला लागली, हात अर्धा वर नेला आणि पुन्हा खाली घेतला. आपण नापास झालो असं वाटून ती उठायला लागली.

चांगुणेनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी समोर बसून, ओठ मोकळे करून म्हणाली, "आलं न्हाई तर वर करू नका. न्हाई केला तेच बराबर हाय. मलाबी येत न्हाई."

गोजरबाईनं तिच्या ओठांकडं टक लावून बघितलं, अगदी चांगुणा बघायची तसंच. मग तिनं विचारलं, "तुमाला बी?"

"मला बी."

गोजरबाई खुर्चीत पुन्हा बसली. डॉक्टरांनी तिला आणि तिच्या नणंदेला समोर घेऊन सगळं समजावलं, पुढच्या तपासणीला बोलावलं. जाताना दारात नणंदेनं गोजरबाईला काही सांगितलं, आणि सांगायच्या आधी तिच्या खांद्याला हात लावून तिला आपल्याकडं वळवलं. चांगुणेनं ते बघितलं.

परतीची एस्टी भरगच्च होती. खिडक्यांची तावदानं खडखडत होती, इंजिन करंजीच्या घाटात असं ओरडत होतं की माणसांना कानात तोंड घालूनही एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. शेवटी सगळे बोलायचं सोडून गप्प बसले. चांगुणा खिडकीशी, तिच्या समोरच्या उलट्या बाकावर मच्छिंद्र, मांडीवर पेटी. त्यानं आवाज न करता, नुसते ओठ हलवून विचारलं, "दमलीस?"

"न्हाई," ती तशीच म्हणाली.

मग तो बोलायला लागला. लग्न झाल्यापासून अंधारात जे बोलत होता ते सगळं त्यानं सांगायला घेतलं, त्या खडखडाटात, पन्नास माणसांच्या मधोमध, आणि एकाही माणसाला त्यातलं काही कळलं नाही. चांगुणा मधेच लाजून बाहेर बघायची, पण लगेच पुन्हा वळायची, कारण बाहेर बघितलं की पुढचं चुकत होतं.

शेजारी बसलेल्या मालनबाई एकदा मुलाच्या तोंडाकडं, एकदा सुनेच्या तोंडाकडं बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"काय बोलताय रं दोघं? मला काय बी ऐकू यीना!"

"काई न्हाई, आत्याबाई," चांगुणा त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, आणि पुन्हा मच्छिंद्रच्या तोंडाकडं बघायला लागली.